ऑफिसचा सर्व्हर ‘क्रॅश’ झाला म्हणजे नेमकं काय झालं? विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र असताना खरं कारण कसं शोधायचं



महिन्याची १८ तारीख, सकाळचे पावणेदहा. मी मीरा रोडच्या प्लॅटफॉर्मवर चर्चगेट लोकलची वाट बघत उभी होते, तेवढ्यात बाबांच्या मित्राचा फोन आला. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा आहे. इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, खाली गोदाम आणि वर माळ्यावर ऑफिस. काका म्हणाले, "अगं, सर्व्हर परत क्रॅश झाला. या आठवड्यात चौथ्यांदा. परवा थ्री-बी भरायचाय, काहीतरी कर."

थ्री-बी म्हणजे जीएसटीआर-३बी, दर महिन्याचं जीएसटी विवरणपत्र. दरमहा भरणाऱ्यांना ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावं लागतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज. पण त्या दिवशी पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. हिशोब बघणाऱ्या ताईंवर आळ आला होता. "यांच्याच कॉम्प्युटरवरून काहीतरी होतं आणि सर्व्हर बसतो," असं ऑफिसात ठरून गेलं होतं.

मी माझ्या ऑफिसला मेसेज टाकला, पूल ओलांडला आणि विरार लोकल पकडली. एकच स्टेशन. तिथे जे सापडलं त्यावरून हा लेख लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण अशाच छोट्या ऑफिसात नोकरीला लागले असाल. आणि "तुला मोबाइलमधलं कळतं ना, मग सर्व्हर बघ" हे वाक्य तुम्हालाही कधीतरी ऐकावं लागणारच.

आधी नेटवर्क समजून घेऊ

काकांच्या ऑफिसात पाच विंडोज पीसी आहेत: हिशोब, बिलिंग, डिस्पॅच. कॅटलॉगचे फोटो आणि डिझाइन बघणाऱ्या दोघांकडे मॅकबुक. सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स. एक मोठं स्कॅनर-झेरॉक्स मशीन. शिवाय सगळ्यांचे फोन त्याच वाय-फायवर. छोट्या ऑफिसात सर्रास दिसणारा हा मिक्स प्रकार आहे.

या वेगवेगळ्या जातीच्या मशीन एकमेकांशी फाइलींची देवाणघेवाण करतात ती एसएमबी नावाच्या भाषेत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये. ही मुळात विंडोजच्या दुनियेतली भाषा. लिनक्सला ती बोलता यावी म्हणून सांबा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं. एस, एम, बी ही अक्षरं या क्रमानं येणारे शब्द त्यानं डिक्शनरीत शोधले, त्यात ‘सांबा’ सापडलं आणि तेच नाव पडलं. मॅकनंही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून फाइल शेअरिंगसाठी आपली जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीलाच पहिली पसंती दिली. म्हणजे भाषा तिघांची एक. पण सर्व्हरपर्यंत पोचण्याचा रस्ता तिघांचा एकच असेल असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

‘क्रॅश’ या एका शब्दात चार वेगळे आजार

लोकांना फोल्डर उघडेनासं झालं की ते सर्व्हर क्रॅश झाला म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना तेवढंच दिसतं. पण आपल्याला वेगळं करून बघायला हवं. एक, मशीन खरंच बंद पडलं किंवा आपोआप रिस्टार्ट झालं. दोन, मशीन चालू आहे पण हँग आहे, कीबोर्डलाही दाद देत नाही. तीन, मशीन ठणठणीत आहे पण त्यावरची सेवा, म्हणजे इथे सांबा, बंद पडली आहे. चार, सर्व्हरवर सगळं ठीक आहे, पण तुमच्या टेबलापासून तिथपर्यंतचा रस्ता तुटलाय.

चौघांचा इलाज वेगळा आहे. आणि गंमत अशी की चौघांवरही सगळीकडे एकच उपाय होतो: पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. काकांकडेही तेच चाललं होतं. दर वेळी "रिस्टार्ट केला की चालतो" हा अनुभव येत होता, त्यामुळे निदानावर सगळ्यांचा विश्वास पक्का होत गेला.

बटण एकदा दाबून सोडलं तर बहुतेक सर्व्हर नीट आवरून बंद होतात. दाबून धरलं तर वीज तोडल्यासारखंच होतं. त्या क्षणी अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. लिनक्सची फाइल सिस्टिम स्वतःला सावरते, पण आतल्या हिशोबाच्या फाइलचं काय झालं याची हमी ती देत नाही.

बटणाला हात लावण्याआधी

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. स्क्रीनवर जो काही मेसेज आला असेल त्याचा फोटो काढा. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, म्हणून यासाठी फोनसारखं दुसरं साधन नाही. मग दोन प्रश्न विचारा: कोणाचं चालतंय आणि कोणाचं नाही? आणि सर्व्हरला स्क्रीन जोडली तर तो उत्तर देतोय का?

मी पोचले तेव्हा सर्व्हर ‘क्रॅश’ अवस्थेतच होता, कारण मी फोनवर बजावलं होतं की बटणाला कोणी हात लावायचा नाही. पाचही विंडोज पीसीवर ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’ असा मेसेज. दोन्ही मॅकवर मात्र तेच फोल्डर मजेत उघडत होतं! मी लगेच निष्कर्ष काढला: विंडोजचीच भानगड. अपडेट तपासले, पासवर्ड परत टाकले, फायरवॉल बघितला. पाऊण तास यात घालवला. इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा इथे काहीही उपयोग झाला नाही हे प्रामाणिकपणे सांगते.

मग ताईंच्या पीसीवरून सर्व्हरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.५० ला, पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक. उत्तर आलं. मग पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडनं त्याच पत्त्याचं ४४५ नंबरचं दार ठोठावलं. एसएमबी याच पोर्टवर बसलेलं असतं. ते बंद. पिंग चालू आणि ४४५ बंद, म्हणजे पुस्तकाप्रमाणे तिसरा आजार: मशीन जिवंत, सांबा बंद. पण सर्व्हरवर जाऊन ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस एसएमबीडी’ विचारलं तर सांबा व्यवस्थित चालू. मॅकवाले तर त्याच्याकडूनच फाइली घेत होते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

लॉग काय सांगतो

उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिली कमांड ‘लास्ट’, तिला मायनस एक्स जोडून. मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं याची ही हजेरीवही. व्यवस्थित बंद झालं असेल तर शटडाउनची ओळ दिसते. नसेल तर तिथे चक्क ‘क्रॅश’ असा शब्द येतो. तो वाचून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की बंद होण्याची नोंद सापडली नाही. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तेच लिहिलं जातं. दुसरी कमांड ‘जर्नलसीटीएल’. तिला मायनस बी आणि मायनस वन दिलं की आधीच्या वेळी बंद पडण्यापूर्वीची सगळी नोंद मिळते. शेवटचं पान आधी वाचायचं. मेमरी संपली असेल तर तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ आणि कोणता प्रोग्राम मारला त्याचं नाव असतं. डिस्क भरली असेल तर ‘नो स्पेस लेफ्ट’ दिसतं.

सर्व्हर विंडोजचा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम निवडा आणि तीन नंबर शोधा. १०७४ म्हणजे कोणी माणसानं किंवा अपडेटनं रीतसर रिस्टार्ट केला. ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होताच परत चालू झालं. ४१ हे कारण नव्हे, फक्त पंचनामा आहे. खरं कारण त्याच्या आधीच्या ओळींत शोधायचं. मॅकवर हेच काम कन्सोल नावाचं ॲप करतं.

एक जुना सापळाही सांगून ठेवते. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स बहुधा जागतिक वेळ. एकाच मशीनवर दोन्ही असतील किंवा टाइमझोन चुकला असेल, तर दोन लॉगमध्ये बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसतो. सकाळचा बिघाड पहाटेचा वाटू लागतो आणि आपण भलत्याच संशयितामागे धावतो.

काकांच्या सर्व्हरवर आठवड्यात चार ‘क्रॅश’ दिसत होते. त्यांतल्या एका मंगळवारच्या दुपारी मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं होतं, कोणीही बटण दाबलं नव्हतं. तो खरा क्रॅश, त्याच्याकडे नंतर येऊ. उरलेल्या तिन्हींच्या शेवटच्या पानावर मात्र काहीच नव्हतं. मेमरी मोकळी, डिस्क अर्धी रिकामी, सांबा चालू, आणि मग अचानक नोंद थांबलेली. ती बटण दाबून धरल्याची खूण. म्हणजे तिन्ही वेळा धडधाकट सर्व्हर आपणच बंद पाडला होता.

फोन केलेला सर्व्हर

आता ती विसंगती उरली. पिंगला उत्तर येतंय, सांबा चालू आहे, तरी दार बंद. मी सर्व्हरची नेटवर्क केबल काढून हातात धरली आणि ताईंना परत पिंग करायला सांगितलं.

उत्तर आलं!

म्हणजे १९२.१६८.१.५० या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी राहत होतं. याला आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणतात, एकाच पत्त्यावर दोन भाडेकरू. ताईंच्या पीसीवर ‘एआरपी मायनस ए’ दिलं. ही कमांड कोणत्या आयपीमागे कोणतं हार्डवेअर आहे ते दाखवते. आलेला मॅक ॲड्रेस सर्व्हरचा नव्हता. (हा मॅक म्हणजे ॲपलचा मॅक नाही; नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा नंबर.) त्यातलं दुसरं अक्षर ‘ए’ होतं. हे दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो नंबर बहुतेक वेळा कंपनीनं दिलेला नसून मशीननं स्वतः बनवलेला असतो. आणि असे नंबर बनवतात ते मुख्यतः फोन. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपली ओळख लपवण्यासाठी वाय-फायला असा रँडम नंबर सांगतात. त्यामुळे राउटरच्या यादीतही नाव दिसत नव्हतं.

मग सगळ्यांचे फोन मागितले. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप केलं की आयपी पत्ता दिसतो. ऑफिस उघडणाऱ्या मुलाच्या फोनवर तो होता १९२.१६८.१.५०. बिचारा घाबरून म्हणाला, "दीदी, मी काय नाय केलं." खरंच त्यानं काही केलं नव्हतं.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी इंटरनेटवाल्यानं राउटर बदलला. जुना राउटर फोनना १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा. नवा राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळेच वाटू लागला. सर्व्हरचा ५० हा पत्ता कोणीतरी पूर्वी हातानं बसवलेला, राउटरला त्याची कल्पनाच नाही. वीज वाचावी म्हणून रात्री सर्व्हर बंद. सकाळी सव्वानऊला हा मुलगा शटर उघडतो, त्याचा फोन पहिला जोडला जातो आणि राउटरला ५० रिकामा दिसतो. राउटर एकदा दिलेला पत्ता सहसा त्याच फोनला परत देतो, त्यामुळे तो ५० त्याच्याकडेच राहिला. साडेनऊला सर्व्हर चालू होतो आणि तोही म्हणतो, मीच ५०.

मग सर्व्हर रिस्टार्ट केला की का चालायचं? चालू होताना मशीन नेटवर्कवर ओरडून सांगतं की ५० म्हणजे मी. विंडोज पीसी ते ऐकून आपली नोंद बदलायचे आणि काम सुरू व्हायचं, फोन परत जागा होऊन बोलेपर्यंत. तो मुलगा बँकेत किंवा चहा आणायला गेला की तर रिस्टार्टशिवायच सगळं ठीक व्हायचं, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

आणि मॅक का चालत होते? विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह आकड्यांच्या पत्त्यानं जोडलेला होता. मॅकवाल्यांनी सर्व्हर नावानं जोडला होता, शेवटी ‘डॉट लोकल’ असलेल्या. मॅक ते नाव बोंजूर पद्धतीनं शोधतो आणि त्याला सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ताही मिळतो. भांडण फक्त जुन्या आयपीव्ही४ पत्त्यावरून होतं. मॅक दुसऱ्या दारानं आत जात होते. मिक्स नेटवर्कमध्ये "अमक्यावर चालतं, तमक्यावर नाही" हा पुरावा खरा असतो, पण तो बऱ्याचदा रस्त्याबद्दल सांगत असतो आणि आपण तो मशीनविरुद्ध वापरतो. किंवा मशीनपुढे बसलेल्या माणसाविरुद्ध.

इलाज पाच मिनिटांचा. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये वाटायचे पत्ते १०० ते २०० एवढेच ठेवले आणि सर्व्हरचा मॅक ॲड्रेस देऊन ५० त्याच्या नावावर राखून ठेवला. फोनसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय चालू केलं. तुमच्या ऑफिसात सर्व्हर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांचे पत्ते हातानं बसवलेले असतील तर राउटर बदलल्याच्या दिवशीच ही रेंज बघा.

खरे क्रॅश

मंगळवारचा तो एक क्रॅश विजेचा होता. शेजारच्या गाळ्यात बफिंगच्या मोटरी आहेत, त्या एकदम चालू झाल्या की दिवे क्षणभर मंद होतात. यूपीएस होता, पण बॅटरी चार वर्षांची. तपासणी सोपी: सर्व्हर नीट बंद करा, यूपीएसला एक टेबल फॅन लावा आणि भिंतीचा स्विच बंद करा. आमचा फॅन दोन सेकंदांत थांबला. या बॅटऱ्या साधारण तीनेक वर्षांत दम सोडतात, आपल्याकडच्या उकाड्यात त्याआधीच. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. इतका वेळ कोणताही छोटा यूपीएस तग धरत नाही. त्याचं काम सर्व्हरला नीट बंद व्हायला पाच-दहा मिनिटं देणं एवढंच. त्यासाठी यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली आणि सेटिंग केलेली हवी. बहुतेक ठिकाणी ती केबल खोक्यातच असते.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे भरलेली डिस्क. मॅकच्या टाइम मशीन बॅकअपला मर्यादा घातली नसेल तर तो सर्व्हरवरची मिळेल ती जागा व्यापतो. लिनक्सवर ‘डीएफ मायनस एच’ जागा दाखवतं. जागा आहे तरी फाइल बनत नसेल तर ‘डीएफ मायनस आय’ बघा; लाखो बारीक फाइलींनी नोंदवहीच भरलेली असू शकते.

मग अपडेट. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. भारतातल्या काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी मॅक आणि लिनक्स चालू होते, कारण ती फाइल फक्त विंडोजसाठी होती. तिथे "फक्त विंडोज पडलं" हा पुरावा खरंच विंडोजकडे बोट दाखवत होता. फरक कसा ओळखायचा? तिथे मशीन स्वतः पडलेलं दिसत होतं. काकांकडे एकही मशीन पडलेलं नव्हतं.

आणि स्कॅनर. सांबाच्या ४.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, जुनं एसएमबी-१ मुळातच बंद असतं. विंडोज १० नंही ते २०१७ पासून बसवणं थांबवलं. जुन्या झेरॉक्स मशीनला तेवढंच येतं, मग ‘स्कॅन टू फोल्डर’ बंद पडतं आणि दोष सर्व्हरला. इंटरनेटवर सल्ला मिळेल की एसएमबी-१ परत चालू करा. करू नका! मे २०१७ मधला वॉनाक्राय याच जुन्या दारातून पसरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यानंही तेच दार वापरलं आणि आपल्याच न्हावाशेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

२० तारीख

कारण सापडलं तरी एक नुकसान होऊन गेलं होतं. तीनपैकी कुठल्यातरी बटणदाबीत हिशोबाची डेटा फाइल खराब झाली होती, उघडताना अर्ध्यावर थांबायची. बॅकअप होता तो आधीच्या शनिवारचा. म्हणजे ताईंनी १४ तारखेनंतर बसून केलेली जीएसटीआर-२बीची जुळवणी, खरेदीची बिलं एकेक तपासून लावलेली, सगळी गेली. काकांनी त्यांची माफी सगळ्यांसमोर मागितली नाही, केबिनमध्ये मागितली. मला ते पुरेसं वाटलं नाही, पण तो माझा प्रश्न नव्हता.

१९ ला त्या आणि बिलिंगवाला रात्री अकरापर्यंत बसले, पुढच्या दिवशी परत बसले. विवरणपत्र २० तारखेच्या संध्याकाळी गेलं. मी सर्व्हरवर रोज रात्री आठला बॅकअप लावून दिला, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर, आणि एक फाइल मुद्दाम परत उघडून बघितली. सर्व्हर आता रात्रीही चालू असतो. राउटरवर एक कागद चिकटवलाय: ‘राउटर बदलल्यास १०० ते २०० एवढेच पत्ते द्यावेत’. पॉवरच्या बटणावर सेलोटेपनं एक बाटलीचं झाकण लावलंय. ती आयडिया त्या शटर उघडणाऱ्या मुलाची.